मदत हवी आहे: फिरतीचं काम हवंय, पण नेमकं कुठलं धरू?

मंडळी, मी कारखान्यात पाइप वेल्डर आहे. टिग वेल्डिंगनं रूट (जोडाचा सगळ्यात आतला पहिला थर) मारून वर आर्क वेल्डिंगचे थर देतो. ६जी ही वेल्डिंगची परीक्षा पास आहे (४५ अंशात तिरका बांधलेला पाइप, तो फिरवायचा नाही, आपणच त्याच्याभोवती वाकायचं). काम जमतं, पण एकाच शेडमध्ये जन्म काढायची इच्छा नाही. मागे जबाबदाऱ्या नाहीत, बॅग उचलून निघायची तयारी आहे. साइटवर गेलेला माणूस गेट, स्कॅफोल्डिंग आणि झोपायची खोली यापलीकडे फारसं काही बघत नाही हेही ऐकून आहे, तेव्हा ते सांगून घाबरवू नका.

डोळ्यासमोर दोन वाटा आहेत. एक, रिफायनरी आणि वीजकेंद्रांचे शटडाउन (दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवतात ते): काही आठवडे बारा-बारा तासांची पाळी, मग सगळं थंड. दुसरी, रोप ॲक्सेस, म्हणजे दोरावर लटकून उंचावरची कामं. आयराटाची (रोप ॲक्सेसची प्रमाणपत्रं देणारी संस्था) लेव्हल १ करायची, पुढे किमान १ वर्ष आणि १००० तास झाले की लेव्हल २ ला बसता येतं. पण दोरावर नवख्याला उभं कोण करणार? आणि शटडाउन धरलं तर मधल्या रिकाम्या महिन्यांचं काय करता? ६ महिने एखाद्या प्रोसेसनं (टिग, आर्क वगैरे) वेल्डिंग केलं नाही तर एएसएमईच्या (अमेरिकेतली मेकॅनिकल इंजिनिअरांची संस्था) नियमानं त्या प्रोसेसची पात्रता जाते ना?

उत्तर

जाते. म्हणून मधे लहानसहान काम घ्यायचं आणि वेल्डिंगच्या नोंदीवर सुपरवायझरची सही घेत राहायची. तसंही जुन्या कंपनीचा ६जीचा कागद नवीन ठिकाणी चालेलच असं नाही. बहुतेक साइटवर आधी टेस्ट कूपन (चाचणीसाठीचा नमुना जोड) मारायला लावतात.

शटडाउनची कामं झुंडीनं येतात. विजेची मागणी उतरते त्या हंगामात केंद्रं बंद ठेवतात, तेव्हा दोन ठेकेदार एकदम बोलावतात आणि नंतर फोन मुका. जाण्याआधी हे लेखी घ्या: प्रवासाचा दिवस पगारी आहे का, सामान आलं नाही म्हणून बसून राहिलात तर स्टँडबाय (थांबून राहिल्याचा पगार) मिळणार का, परतीचं तिकीट कोणाचं. रोजाचा आकडा बघून भुलणारे इथेच फसतात.

दोराचं म्हणाल तर नुसत्या लेव्हल १ वाल्याला खरंच कोणी विचारत नाही. दोर हा कामापर्यंत पोचायचा रस्ता. वर पोचून करणार काय, ते बघतात. वेल्डिंग किंवा एनडीटी (तुकडा न तोडता करायची तपासणी) हातात असलेल्याला मागणी असते, म्हणजे तुमची बाजू बरी आहे. मी तुमच्या जागी असतो तर आधी एक-दोन शटडाउन मारून त्या पैशात लेव्हल १ केली असती.

मूळ धागाकर्ता

स्टँडबायचं डोक्यातच नव्हतं, आभार. दोरावर लटकून वेल्डिंग केलं तर ते तास लॉगबुकात (आयराटासाठी तास नोंदायची वही) धरतात ना?

उत्तर

धरतात. खाली उभं राहून केलेले नाहीत. आणि सही त्याच साइटवर घ्या, नंतर सुपरवायझर सापडत नाही.