वॉटसन बाहेर पडले म्हणून सी शेफर्ड संपली?

दांडियाबाजारकर: काल आपल्या बडोद्याच्या एकाने ठोकून दिलं, "पॉल वॉटसनला बाहेर काढलं, तिथेच सी शेफर्ड संपली." सी शेफर्ड म्हणजे समुद्रात उतरून व्हेल वाचवणारी संस्था, वॉटसन तिचे संस्थापक. डोकं फिरलं, म्हणून लिहितोय. १९७७ मध्ये ग्रीनपीस या पर्यावरण संस्थेनेही त्यांना काढलंच होतं. ग्रीनपीस मेली का? वॉटसननी ही दुसरी संस्था काढली, १९७९ मध्ये पोर्तुगालजवळ 'सिएरा' या व्हेलमाऱ्या जहाजाला धडक दिली, पुढे टीव्हीवर झळकले, देणग्या वाढल्या. जपानी व्हेलमाऱ्या जहाजांना अडवायची अंटार्क्टिककडची मोहीम थांबली २०१७ मध्ये. जपान उपग्रहावरून पाळत ठेवतं, आता गाठणं जमत नाही, हे स्वतः वॉटसननीच सांगितलं. ते संस्थेतून बाहेर पडले २०२२ मध्ये! संस्थेच्या संचालक मंडळाला सरकारांबरोबर काम करायचं होतं, वॉटसनना भांडायचं होतं. संस्थेची जहाजं अजून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर बेकायदा मासेमारी पकडतात.

मगरमित्र: काका, पण नाव कोण घेतं आता? २०२४ मध्ये जपानच्या वॉरंटवर वॉटसन ग्रीनलंडच्या तुरुंगात पाच महिने होते. लोक त्यांच्यासाठी ओरडले, संस्थेसाठी नाही.

वेरावळची_सून: दोघांनीही कधी जाळं ओढलंय? माझं माहेर बडोदा, सासर वेरावळ. आमच्या किनाऱ्यावर येणाऱ्या व्हेल शार्क या अजस्र माशाला २००१ मध्ये कायद्याचं संरक्षण मिळालं, पण कायद्याला दर्यात कोण विचारतो? रामकथाकार मोरारीबापूंनी तिला माहेरी आलेली लेक म्हटलं, तेव्हा आमचे खारवा कोळी स्वतःची जाळी कापून तिला सोडू लागले. जाळ्याची भरपाईही मिळते. कुणाला धडक द्यावी लागली नाही.

मगरमित्र: आपल्या बडोद्याच्या विश्वामित्री नदीत कुठले बापू येणार? २०२४ च्या पुरात मगरी सोसायट्यांत शिरल्या, तेव्हा आमच्या मगरी पकडणाऱ्या पोरांनीच उचलल्या.

कारेलीबागची_आत्या: उचलल्या, आणि बांधलेल्या मगरीशेजारी बसून फोटोही काढले. आमच्या अंगणातली तशीच पडून होती, का तर व्हिडिओ नीट आला नव्हता! नदीत सांडपाणी जातं, त्याबद्दल तुमच्या तोंडून चकार शब्द नाही.

मगरमित्र: रात्री कमरेएवढ्या पाण्यातून आलेल्या पोरांना हे ऐकवता? पुढच्या वेळी स्वतः पकडा.

कारेलीबागची_आत्या: आलात हो, उपकार झाले. पेढे पाठवते.

दांडियाबाजारकर: मगरी आवरा रे कुणीतरी.

वेरावळची_सून: का आवरायच्या? मुद्दा तोच आहे. फोटो तिथे देणगी. वॉटसनबरोबर कॅमेरा गेला.

दांडियाबाजारकर: बरं बाई, पैशापुरतं त्या कालच्या विद्वानाचं खरं. व्हेलचं काय? २०१९ मध्ये जपानने अंटार्क्टिककडची शिकार सोडली, आता स्वतःच्या पाण्यात करतात.

मगरमित्र: सोडली ती कॅप्टन वॉटसनमुळेच!

कारेलीबागची_आत्या: आणि जपानच्या त्या शिकारीविरुद्धचा २०१४ चा हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा निकाल? तो खटला ऑस्ट्रेलियाने भरला होता, तुमच्या कॅप्टनने नाही.