परसात चार डुकरे पाळायची आहेत. मागणी कशी मोजावी?

तिळारीकाठ:
नमस्कार. दोडामार्ग तालुक्यात आमच्या घरामागे सहा गुंठे जागा मोकळी आहे. विहिरीला बारमाही पाणी आहे आणि काजूच्या हंगामात शेजारच्या भट्टीवरून बोंडांचा चोथा मिळतो. तेथे चार डुकरे पाळावीत असा माझा विचार आहे. पिल्ले, शेड, लसीकरण यांविषयी माहिती मिळते. परंतु चार डुकरांचे मांस घेणार कोण, हे आधी कसे ठरवावे ते कोणी नीट सांगत नाही. गावात विचारले तर प्रत्येक जण "गोवा जवळ आहे, कितीही खपेल" असे म्हणतो. यात घालायचे पैसे आईच्या बचतीतले आहेत, त्यामुळे अशा बोलण्यावर विसंबून उतरणे मला पटत नाही. ज्यांनी हा व्यवसाय केला आहे किंवा जे नियमित मांस विकत घेतात, त्यांनी कृपया सांगावे की चौकशी कोठून सुरू करावी आणि कोणत्या उत्तरावर विश्वास ठेवावा.

म्हापशाजवळून:
मी बारा वर्षे बार्देशात तीन ते पाच डुकरे पाळत आलो आहे. गोव्यात डुकराचे मांस खपते यात शंका नाही, परंतु तुमची डुकरे ज्या आठवड्यात तयार होतील त्या आठवड्यात ती कोण उचलणार, एवढाच प्रश्न तुमच्या कामाचा आहे. गिऱ्हाईक एका प्रकारचे नसते. लग्नाच्या किंवा फेस्ताच्या जेवणात अख्खे भाजलेले पिल्लू, म्हणजे लेतांव, ठेवणाऱ्यांना दीड-दोन महिन्यांचे पिल्लू हवे असते. खाटकाला वर्षभर, पण तो सांगेल त्या दराने, जिवंत डुक्कर हवे असते. नाताळात सोरपोतेल, म्हणजे डुकराच्या मांसाचे तिखट-आंबट कालवण, करणाऱ्या घरांना मांसाबरोबर काळीज, हृदय आणि काही ठिकाणी रक्तही लागते, आणि दुकानात हे सर्व एकाच जनावराचे ताजे मिळेलच असे नसल्यामुळे अशी घरे ओळखीच्या पाळणाऱ्याकडे येतात. चोरीस, म्हणजे डुकराच्या मसालेदार मांसाचे वाळवलेले सॉसेज, करणाऱ्यांची गरज पुन्हा वेगळी आहे. त्याविषयी त्यांनीच लिहावे.

पहिल्या वर्षी माझी चार डुकरे फेब्रुवारीच्या अखेरीस तयार झाली. कार्निव्हाल उलटून गेला होता आणि ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू झाला होता. त्या काळात कॅथलिक घरांत लग्ने सहसा होत नाहीत आणि बरीच घरे मांस कमी करतात. मी सहा आठवडे कोंडा आणि पेंड घालत राहिलो, आणि शेवटी एका खाटकाने कुंपणावरून नजर टाकून वजनाचा आकडा सांगितला तो मी मुकाट्याने मान्य केला. तेव्हापासून मी पंचांगाइतकेच चर्चचे कॅलेंडर पाहतो. संकरित डुक्कर चांगल्या खाद्यावर साधारण नऊ महिन्यांत ९० किलोच्या आसपास जाते. नाताळच्या आठवड्यासाठी ते मार्चच्या मध्यास जन्मलेले असावे लागते, म्हणजे दोन महिन्यांचे पिल्लू तुम्ही मेच्या मध्यास घरी आणायला हवे. स्वतःची मादी ठेवली तर गाभण काळाचे ११४ दिवस याच्याही मागे मोजावे लागतात.

वजनासाठी शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर मीटरमध्ये घ्यावा आणि त्याचा वर्ग करावा. दोन कानांच्या मधून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीने त्याला गुणून पुन्हा ६९.३ ने गुणावे. घेर आणि लांबी दोन्ही १.१ मीटर असतील तर वजन ९२ किलोच्या जवळ येते. जनावर मान खाली घालून खात असताना लांबी घेऊ नये, आकडा फुगतो. मी टेप खिशातून काढू लागलो तेव्हापासून खाटकाशी होणारी घासाघीस निम्म्यावर आली आहे.

सासष्टीची गृहिणी:
मी घरी चोरीस करते. आम्हाला ऊन हवे असते, त्यामुळे आमची खरेदी पाऊस गेल्यापासून मेपर्यंत चालते. मडगावला मे महिन्यात पुरुमेंताचे फेस्त भरते, तेव्हा लोक पावसाळ्याची बेगमी करतात आणि चोरीसाच्या माळा त्यात असतातच. त्यासाठी मी उपवासकाळातही मांस घेते, कारण माळ त्या दिवसांत वाळत असते आणि खाल्ली जाते पुढे पावसात. ज्या आठवड्यांत तुम्हाला घरगुती गिऱ्हाईक मिळणार नाही, त्या आठवड्यांत आमच्याकडे चौकशी करावी. मात्र येताना विचारा की चरबी किती हवी. अगदी सुके मांस भरले तर चोरीस शिजताना कडक होते, म्हणून मला थोडी चरबी असलेलेच डुक्कर लागते. आणि डुक्कर बांधून पाळले होते की मोकळे फिरत होते, हे मी प्रत्येकाला विचारते. तुमची शेड आम्हाला येऊन पाहू द्या. माझ्यासारखी बाई एकदा पाहून गेली की तिच्या शेजारणी आपणहून विचारतात.

निवृत्त पशुवैद्यक:
मागणीच्या हिशोबात दोन गोष्टी धराव्यात. पहिली म्हणजे कत्तल कोठे होणार. परसात कापून घरोघरी मांस विकण्याचा बेत करू नका. स्थानिक संस्थेची परवानगी असलेली जागा आणि मांसविक्रीची नोंदणी असलेला विक्रेता आधी शोधा, कारण तो मिळाला नाही तर गिऱ्हाईक असूनही तुम्हाला विकता येणार नाही. दुसरी गोष्ट तुमच्या जागेची आहे. तुम्ही राज्याच्या सीमेवर आहात, आणि आफ्रिकन स्वाइन फीव्हर २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचल प्रदेशात आढळल्यापासून डुकरांच्या वाहतुकीवरील बंधने केव्हाही येऊ शकतात. हा रोग माणसांना होत नाही, पण आपल्याकडे त्यावर वापरात लस नाही. रोग आढळलेल्या जागेपासून एक किलोमीटरच्या आतील सर्व डुकरे मारली जातात आणि दहा किलोमीटरपर्यंत देखरेख ठेवली जाते. म्हणून निम्मे तरी गिऱ्हाईक सीमेच्या अलीकडचे, सावंतवाडी-बांदा परिसरातले असावे असा माझा आग्रह आहे. हॉटेलातील उरलेले अन्न खाद्य म्हणून फुकट मिळेल असे धरून भाव ठरवत असाल तर ते उकळून घालण्याचे सरपणही त्यात धरा. न उकळता ते कदापि घालू नये.

वसईचा शेजारी:
आमच्याकडे नाताळासाठी डुकराचे मांस आगाऊ सांगून ठेवण्याची पद्धत बऱ्याच घरांत आहे. "घ्याल का?" असे विचारलेत तर सगळे होकार देतील, कारण शेजाऱ्याला नाही म्हणणे जड जाते. "किती किलो, कोणत्या तारखेला, हाडासकट की बिनहाडाचे?" असे विचारा आणि थोडी रक्कम आधी मागा. जो देईल तो तुमचा.

तिळारीकाठ:
सर्वांचे मनापासून आभार. तीन रविवार फिरून आज लिहीत आहे. एकतीस घरांत गेलो. बावीस घरांनी होकार दिला. किलो आणि तारीख नऊ घरांनी सांगितली, ती सर्व मिळून ३४ किलो होतात. पैसे पाच घरांनी हातावर ठेवले. एका आजींनी काळीज आणि हृदय आपल्यासाठीच ठेवावे म्हणून माझ्याकडून वहीत लिहून घेतले. परवानाधारक खाटीक बांद्याजवळ मिळाला. तो एक डुक्कर जिवंत घेईल आणि दुसरे मजुरी घेऊन कापून देईल, पण तारीख आठ दिवस आधी पक्की हवी असे म्हणाला. चोरीस करणारे कोणी अद्याप भेटले नाही, तिकडे पुढच्या महिन्यात जाईन.

म्हापशाजवळून:
९० किलोच्या डुकरातून हाडासकट साधारण ६५ किलो मांस हाती येते. तुमच्या नऊ घरांचे ३४ किलो म्हणजे एक डुक्कर निम्म्याहून थोडे अधिक खपले. उरलेल्या तीस किलोंसाठी त्याच खाटकाच्या दुकानात जागा मिळते का ते पाहा. चार पिल्ले आणू नका.

तिळारीकाठ:
त्याच्याशी आज सकाळी बोललो. उरलेले मांस तो स्वतः ठरवेल त्या दराने दुकानात ठेवून घेईल. खस्सी केलेले दोन नर मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणतो. आईला वहीतली ती पाच नावे दाखवली, आणि पिल्लांचे पैसे तिने काल मोजून दिले.