'ताण' की 'तणाव'? (ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस)

दादरहून: शाळांसाठी एक माहितीपत्रक मराठीत करतोय. औषध जास्त झालं की यकृतात ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस कसा वाढतो, हे जिवंत उंदरात नॅनोकणांमुळे (अतिसूक्ष्म कणांमुळे) दिसतं, असा विषय आहे. मी 'प्राणवायूजन्य तणाव' लिहिलं. मुलगी म्हणाली, "बाबा, उंदराला कसलं टेन्शन?" काय लिहू?

परळहून, प्रयोगशाळेत काम करते: 'तणाव' नकोच. तो सीमेवर असतो, फार तर जावाजावांत. 'ताण' दोरीला पडतो, खांद्याला पडतो, पेशीलाही पडेल. 'प्राणवायूजन्य'ही काढा. ऑक्सिडीकरण म्हणजे इलेक्ट्रॉन गमावणं, त्यात ऑक्सिजन असलाच पाहिजे असं नाही. 'ऑक्सिडीकारक ताण' लिहा. हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी द्रव्यं निरोगी पेशीतही तयार होतच असतात. ती निस्तरता येईनाशी झाली की ताण. जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ हेल्मुट सीस यांनी १९८५मध्ये ही संज्ञा मांडली ती या बिघडलेल्या तोलासाठी.

दादरहून: मग 'नॅनोकण ताण मोजतात' चालेल?

परळहून: खरी गोम तिथेच आहे. कणांना ताण दिसत नाही, त्यांची गाठ पडते ती द्रव्याशी. २०१४मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटाने उंदरांना पॅरासिटामॉलचा जादा डोस दिला. रक्तातून यकृतात गेलेले कण हायड्रोजन पेरॉक्साइड भेटताच स्वतःहून उजळले, बाहेरून दिवा मारावा लागला नाही. तेही काही मिनिटांत. सूक्ष्मदर्शकाखाली यकृताची इजा दिसायच्या आधीच. म्हणून 'मोजतात'पेक्षा 'माग काढतात' बरं. द्रव्य सापडतं, ताण आपण ताडतो.

लालबागहून: 'माग' वाचून राहवलं नाही. आजोबा गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर होते. शरीरातल्या पेशींच्या थराला, 'टिश्यू'ला, मराठीत 'ऊती' म्हणतात. संस्कृतात 'ऊति'चा एक अर्थ विणणं, आणि इंग्रजी 'टिश्यू'ही विणलेल्या कापडावरूनच आला. म्हणजे विणीतला माग! बाकी 'नॅनो'ला 'अब्जांश' हा चोख शब्द आहे, मीटरचा अब्जावा भाग तो नॅनोमीटर. पण पोरांच्या तोंडी 'नॅनो'च बसलाय, राहू द्या.

दादरहून: असं केलं: 'जिवंत उतींमधील ऑक्सिडीकारक ताणाचा नॅनोकणांच्या साहाय्याने माग.'

लालबागहून: झकास. फक्त 'ऊतीं'चा ऊ दीर्घ करा, नाहीतर दुधासारख्या उतू जातील.