मदत हवी आहे: गेम खेळताना सीपीयू ९५ अंशांवर जातोय

नमस्कार मंडळी. इंटेल आय७ प्रोसेसर (सीपीयू) आणि आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स चिप (जीपीयू) असलेला लॅपटॉप आहे, वॉरंटी संपली आहे. नागपुरात राहतो, खोलीत एसी नाही, कूलर आहे. ऊन वाढल्यापासून गेम सुरू केला की थोड्याच वेळात सीपीयू ९५ अंशांवर, क्लॉक (त्याचा वेग) ४ वरून ३ गिगाहर्ट्झवर आणि नेमक्या मारामारीत चित्र अडखळतं. कीबोर्डच्या वरच्या पट्टीवर बोट ठेववत नाही. जीपीयू मात्र ८० च्या आतच असतो.

मागची बाजू उचलून ठेवली, जाळी साफ केली, एफपीएस (दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) ६० वर बांधले. टर्बो बूस्ट (सीपीयूचा वेग आपोआप वाढवणारी सोय) बंद केला की तापमान ७८ वर येतं, पण गर्दीच्या प्रसंगात एफपीएस कोसळतात. अंडरव्होल्ट (सीपीयूला कमी व्होल्टेज देण्याची सोय) बायोसमध्येच, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्येच, लॉक आहे.

आता चिप आणि हीटसिंक (उष्णता बाहेर नेणारा धातूचा भाग) यांच्यामधली थर्मल पेस्ट बदलायचीच आहे. पातळ पेस्ट उष्णतेने हळूहळू चिपच्या कडेला सरकते, म्हणून फेज-चेंज पॅड (पेस्टऐवजी लावायचा, गरम झाल्यावर मऊ होणारा पातळ पॅड) बरा वाटतोय. लॅपटॉपमध्ये कोणी लावलाय का? टर्बो चालू ठेवून फक्त सीपीयूची पॉवर लिमिट (वीज वापराची मर्यादा) ४५ वॅटवर आणली तर कितपत फरक पडेल? कूलरची दमट हवा थेट लॅपटॉपवर घेणं धोक्याचं आहे का? आणि सीताबर्डीच्या आसपास हीटसिंक काळजीपूर्वक उघडणारा कारागीर माहीत असेल तर नक्की सांगा.