मदत हवी आहे: एक्सपीचा जुना पीसी आणि विंडोज ११ चा लॅपटॉप जोडायचे आहेत

राजेहो, महाल भागातल्या घरी बाबांचा विंडोज एक्सपीचा पीसी अजून ठणठणीत आहे. दुकानाचे सारे हिशेब त्यातच. माझा लॅपटॉप विंडोज ११. दोन्ही एकाच राउटरवर. लॅपटॉपवरून पीसीला पिंग होतं, म्हणजे हाक दिली की उत्तर येतं, पण शेअर केलेलं फोल्डर उघडत नाही. एक्सपीला फक्त एसएमबी १ (नेटवर्कवर फाइल शेअर करायची जुनी पद्धत) कळतं आणि नव्या विंडोजमध्ये ते बंदच असतं, इथवर समजलं. ते चालू करायला मन धजत नाही. २०१७ चा वॉनाक्राय, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, त्याच वाटेनं पसरला होता. मधे लिनक्सच्या मशीनवर सांबा (लिनक्सवरून विंडोजशी फाइल शेअर करायचं सॉफ्टवेअर) बसवला तर दोघांचं जमेल का? की एफटीपी, म्हणजे फाइल पाठवायची दुसरी जुनी पद्धत, बरं? पेन ड्राइव्ह सुचवू नका, फाइल रोज बदलतात. अन् नवीन पीसी घ्या म्हणत असाल, तर ते बाबांना तुम्हीच सांगा!