मदत हवी आहे : गाबाचं मोजमाप आणि एन-बॅकचे गुण जुळवताना

मेंदूच्या कपाळामागच्या डाव्या पृष्ठपार्श्व भागातलं गाबा (मज्जापेशींची क्रिया मंदावणारं रसायन) आणि कार्यकारी स्मृती यांचा संबंध तपासायचा आहे. स्मृती मोजायला एन-बॅक, म्हणजे आत्ताची खूण 'एन' पावलं आधीच्या खुणेशी जुळते का हे ओळखण्याची चाचणी. ३ टेस्लाचं एमआरआय यंत्र, मेगा-प्रेस क्रम (गाबाचा संकेत वेगळा काढणारी पद्धत), ३×३×३ सेंमीचा व्हॉक्सेल (मोजला जाणारा ठोकळा), टीई (प्रतिध्वनी-काळ) ६८ मिलिसेकंद, टीआर (दोन आवर्तनांमधला काळ) २ सेकंद, ३२० आवर्तनं. म्हणजे १० मिनिटं ४० सेकंद. संपादन-स्पंद (गाबाचा संकेत बदलणारा रेडिओ-स्पंद) १.९ पीपीएमवर (पीपीएम म्हणजे वर्णपटावरची जागा), बंद स्थितीत ७.५ वर; दोन्ही स्थितींच्या वजाबाकीतून गाबा मिळतं.

खरी अडचण ३.० पीपीएमवरच्या गाबाच्या शिखराची. तिथलंच क्रिएटिन वजाबाकीत जातं, पण स्पंद पुरेसा अरुंद नसल्याने १.७ जवळचे महारेणूही (प्रथिनांसारखे मोठे रेणू) संपादित होतात आणि गाबाच्या शिखरात मिसळतात. बंद स्पंद १.५ वर नेला की ते बरेचसे कटतात, पण मग वारंवारता थोडी जरी सरकली तरी आकडा बिघडतो. एफएमआरआयनंतर (मेंदूची क्रिया टिपणाऱ्या स्कॅननंतर) लगेच हे स्कॅन घेतलं तर तापलेली यंत्रणा थंड होताना हे सरकणं हमखास होतं, म्हणून गाबा आधी आणि एन-बॅक नंतर, असा क्रम ठरवला आहे. व्हॉक्सेल कवटीला टेकला की चरबीचा संकेत शिरतो, तेही सांभाळायचं आहेच.

जाणकारांनी कृपया सांगावं : वारंवारतेची थेट दुरुस्ती उपलब्ध नसेल तर १.५ चा धोका पत्करावा, की महारेणूंसकट आकडा घेऊन तसं स्पष्ट लिहावं? करड्या द्रव्यात गाबा पांढऱ्याच्या साधारण दुप्पट धरून दुरुस्ती करता का? आणि २-बॅकमध्ये निरोगी तरुणांचे गुण वरच्या टोकाला चिकटतात. ३-बॅकचा डी-प्राइम (जुळणाऱ्या आणि न जुळणाऱ्या खुणा वेगळ्या ओळखण्याचं माप) पुरतो का?