दोघांनी मिळून परदेशात स्वयंसेवा आणि नंतर महिनाभर प्रवास, कोणी केलंय का?

पंचगंगा_काठ:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय. मी ५४, हे ५७, कोल्हापुरात राहतो. मी २६ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, ह्यांनी बँकेतून व्हीआरएस घेतली. सासूबाई दीड वर्षापूर्वी गेल्या, त्याआधीची सहा वर्षं त्यांचं सगळं करण्यात गेली आणि ते मनापासून केलं, पण आता सकाळी उठल्यावर घर एकदम रिकामं वाटतं. लेक नोकरीला बेंगळुरात. आमच्या दोघांच्या मनात एकच गोष्ट येतेय की कुठल्यातरी दुसऱ्या देशात जाऊन दोन-तीन महिने काहीतरी उपयोगाचं काम करावं, आणि मग तिथूनच महिनाभर हळूहळू फिरावं, टूरवाल्यांच्या बसमधून नाही.
एका एजन्सीशी बोलणं झालंय. सहा आठवडे कंबोडियात, अनाथाश्रमातल्या मुलांना इंग्रजी शिकवायचं, माणशी १ लाख ८० हजार, विमानभाडं वेगळं, शनिवार-रविवार सहल. फोटो बघून मी तर लगेच हो म्हणाले होते पण हे म्हणतात की काम आपण करणार आणि पैसेही आपणच भरायचे हे कसं काय. हे पूर्ण शाकाहारी आहेत, माझा गुडघा थोडा कुरकुरतो, बाकी तब्येत ठणठणीत. कोणी नवरा-बायकोने मिळून असं केलं असेल तर खरं काय ते सांगा. आणि फिरायचं आधी की काम झाल्यावर?

कृष्णामाई_सांगली:
ताई, तुमचं वाचून राहवलं नाही कारण आम्ही दोघं कंबोडियातच होतो, जुलै २०२३ ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, सिएम रीपपासून २५-३० किलोमीटरवरच्या एका गावात. त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.
सगळ्यात आधी अनाथाश्रमाचं. कृपा करून ते करू नका. २०११ साली युनिसेफ आणि तिथल्या सरकारने मिळून पाहणी केली होती, त्यात असं निघालं की अशा आश्रमातल्या दर चार मुलांपैकी जवळजवळ तिघांचे आई किंवा वडील, निदान एकजण तरी, जिवंत होते. गरिबीमुळे आईबाप मुलाला तिथे सोडतात, मुलं आहेत म्हणून परदेशी पाहुणे येतात, पाहुणे येतात म्हणून आणखी आश्रम निघतात आणि आणखी मुलं लागतात. शिवाय तुम्ही शिक्षिका आहात, तुम्हाला सांगायला नको, दर सहा आठवड्यांनी नवीन ताई येणार, जीव लावणार आणि निघून जाणार, त्या पोराचं काय होत असेल. तुमचा हेतू चांगला आहे हे मला तुमच्या लिहिण्यातूनच कळतंय, म्हणून तर एवढं स्पष्ट लिहितेय.
आम्ही काय केलं तर गावच्या शाळेला मदत करणारी एक छोटी संस्था होती, पूर्ण तिथल्याच लोकांची, तिथे ओळखीतून पत्र पाठवलं. त्यांनी फी घेतली नाही, राहण्याजेवणाचे पैसे आम्ही ज्यांच्या घरी राहिलो त्यांना थेट द्यायचो, दोघांचे मिळून महिन्याला साधारण ४५० डॉलर. मी आयुष्यभर हिशोबाचं काम केलंय, तर ऑफिसातल्या दोन मुलींना एक्सेलमध्ये जमाखर्च, देणगीचा हिशोब, बँकेचा मेळ हे शिकवलं. मुलांच्या वर्गात मी गेलेच नाही. त्या दोघी आता ऑडिटचे कागद स्वतः तयार करतात, मधूनमधून व्हॉट्सअ‍ॅपवर शीट पाठवतात.
ह्यांचं मात्र पहिले तीन-चार आठवडे फार वाईट गेले. मला काम होतं, ह्यांना नव्हतं. कुपवाड एमआयडीसीत ह्यांचं मोटर रिवाइंडिंगचं वर्कशॉप, हाताला सतत काम असणारा माणूस, आणि तिथे ओसरीवर बसून पाऊस बघायचा. आमची खूप भांडणं झाली, एकदा तर परत जायची तिकिटं बघितली. मग शाळेचा पाण्याचा पंप जळाला. गावातला मिस्त्री आला, ह्यांनी त्याच्याबरोबर मोटर उघडली, दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता पण वाइंडिंग कसं भरायचं त्याला कुठे भाषा लागते. त्या दिवसापासून हे रोज त्या मिस्त्रीच्या दुकानात. म्हणून तुम्हाला सांगते, जायच्या आधी दोघांची कामं वेगवेगळी आणि नक्की ठरवून घ्या. तुमच्या ह्यांचं बँकेचं ज्ञान तिथल्या बचत गटांना सोन्यासारखं आहे आणि तुम्ही मुलांना नव्हे, तिथल्या शिक्षकांना मदत करा, ते पुढे वर्षानुवर्षं मुलांबरोबर असणार आहेत.
माझ्या हातून दोन चुका झाल्या त्याही सांगते. आपल्याकडे लहान पोर दिसलं की डोक्यावरून हात फिरवतो ना, मी तसंच करत होते आणि एका आजीने नातवाला पटकन मागे ओढलं. तिथे डोकं हा शरीराचा सगळ्यात पवित्र भाग मानतात, परक्याने हात लावायचा नाही. दुसरं म्हणजे एका मुलीला शाळा लांब पडते म्हणून मी सायकल घेऊन दिली, आणि आजूबाजूच्या पाच-सहा घरांत त्यावरून मनं दुखावली. हेडमास्तरांनी मला बसवून शांतपणे समजावलं की द्यायचं असेल तर शाळेला द्या, कोणाला गरज आहे ते आम्हाला माहीत आहे. अजून आठवलं की वाईट वाटतं.
खाण्याचं. भात भरपूर, आपल्या कोकणासारखा, पण प्रत्येक भाजीत माशाचा सॉस आणि प्रहोक म्हणजे आंबवलेल्या माशांचं वाटण. 'मांस नको' म्हटलं तरी मासळीचा सॉस राहतोच, त्यामुळे 'म्होप बूस' म्हणायचं, म्हणजे शाकाहारी जेवण. हिंग, गोडा मसाला आणि तूरडाळ नेली होती, मूग तिथे मिळतो. ज्यांच्या घरी होतो त्या बाईंना सगळे मिंग म्हणायचे, म्हणजे मावशी-काकू, त्यांना आमचं मुगाचं वरण इतकं आवडलं की आठवड्यातून दोनदा फर्माइश.
भाषेची गंमत तर विचारू नका. शिक्षकाला क्रू म्हणतात, आपला गुरूच. महिने फाल्कुन, चेत, पिसाक. आकडे पाचापर्यंत पाठ केले की झालं, सहा म्हणजे प्राम-मुई, पाच-एक. आणि भाद्रपदातल्या वद्य पंधरवड्यात त्यांचा प्चुम बेन असतो, अगदी आपला पितृपक्ष! बेन हा शब्दच पिंडावरून आलाय. १४ ऑक्टोबरला, आपली सर्वपित्री होती त्या दिवशी, मिंग आम्हाला पहाटे चारला देवळात घेऊन गेल्या. लोक अंधारात देवळाभोवती फिरत भाताचे गोळे टाकत होते. मिंगनी त्यांच्या गेलेल्या माणसांची नावं घेतली, एक, दोन, तीन... मी सात मोजली आणि मग मोजणं सोडलं. तीन महिने त्या याबद्दल एक शब्द बोलल्या नव्हत्या. १९७५ ते ७९, म्हणजे ख्मेर रूजच्या क्रूर राजवटीत, त्या लहान होत्या. मग त्यांनी एक गोळा ह्यांच्या हातात दिला आणि खुणेने विचारलं, तुमचे? ह्यांनी सासऱ्यांचं नाव घेतलं आणि तो टाकला. त्या वर्षी आमच्या घरी पान वाढलं गेलं नव्हतं, ह्यांच्या मनाला तेच लागून राहिलं होतं.
फिरायचं आधी की नंतर? नंतर, ताई, नंतरच. आधी फिरला असतात तर नोम पेन्हमधलं तुओल स्लेंग, म्हणजे शाळेचा तुरुंग केला होता ते ठिकाण, तुम्ही एक म्युझियम म्हणून बघाल. आम्ही मिंगची नावं ऐकून गेलो होतो, ह्यांना दुसऱ्या खोलीच्या पुढे जाववलं नाही. अंगकोर, म्हणजे सिएम रीपजवळची जुनी देवळं, मात्र कामाच्या दिवसांतच बघितलं, ७ दिवसांचा पास ७२ डॉलरचा, महिन्याभरात कुठलेही सात दिवस वापरता येतात, म्हणून शनिवार-रविवार पहाटे जायचो. अंगकोर वाटच्या भिंतीवर समुद्रमंथन कोरलंय ते जवळजवळ ४९ मीटर लांब, आणि पश्चिमेच्या बाजूला कुरुक्षेत्र, त्यात शरशय्येवरचे भीष्म दिसले तेव्हा मी तिथेच खाली बसले. आपल्या पुरातत्त्व खात्याने १९८६ ते ९३ तिथे दुरुस्तीचं काम केलंय, तेव्हा यादवी अजून पूर्ण थांबली नव्हती. पायऱ्या फार उभ्या आहेत, गुडघ्याला जपा, वरच्या गाभाऱ्याकडे नाही गेलात तरी खालच्या भिंतींत दिवस जातो.
मग नोव्हेंबरपासून पाच आठवडे. बत्तमबांग, मग काम्पोत. तिथे त्या मिस्त्रीचा चुलतभाऊ मिऱ्याच्या बागेत काम करतो, त्याच्याकडे दोन रात्री. आपल्याकडे मिरी सुपारीवर नाहीतर फणसावर चढवतात, तिथे सरळ खांबांवर. कार्तिकी पौर्णिमेला नोम पेन्हला बोन ओम तुक बघितला, होड्यांच्या शर्यती. पावसाळ्यात मेकाँगला इतकं पाणी येतं की तोन्ले साप नदी उलटी वाहून तळ्यात शिरते, आणि पाऊस संपला की पुन्हा सरळ होते, त्याचा तो सण. चार महिने गावात लोक पाण्याबद्दल काय बोलत होते ते तेव्हा उमगलं. पुढे स्तुंग त्रेंगवरून लाओसमध्ये, चंपासकचं वाट फू हे डोंगरातलं मूळचं शिवाचं देऊळ, तिथून वर लुआंग प्रबांग. घाई कशाचीच केली नाही.
व्हिसाचं एकच सांगते, साध्या टूरिस्ट व्हिसावर काम करू नका, तो ३० दिवसांचा असतो आणि एकदाच वाढतो. ई वर्गाचा घ्या आणि कामाच्या परवान्याचं संस्थेकडून लेखी घ्या. आणि डॉलरच्या नोटा कोऱ्या न्या, जराशी फाटलेली असली तरी कोणी घेत नाही.

दार_ए_सलामकर:
वरच्या ताईंनी फार मनापासून लिहिलंय. मी १४ वर्षं टांझानियात आहे, नोकरीनिमित्त. इथे येणारे बरेच स्वयंसेवक टूरिस्ट व्हिसावर येतात आणि अडकतात. टांझानियात स्वयंसेवकाला क्लास सी चा निवासी परवाना लागतो आणि इमिग्रेशनवाले खरोखर शाळा-दवाखान्यात येऊन तपासतात. हे सगळ्याच देशांना थोडंफार लागू आहे, न्यूझीलंडमध्ये तर शेतावर राहण्याजेवणाच्या बदल्यात काम केलं तरी ते कामच धरतात आणि तसा व्हिसा लागतो. "सगळे असंच करतात" असं कोणी म्हणालं की त्या संस्थेपासून लांब राहा.
आफ्रिकेत यलो फीव्हरचा धोका असलेल्या देशात जाणार असाल तर त्याची लस निघायच्या निदान १० दिवस आधी घ्या. अशा देशातून भारतात परतताना सर्टिफिकेट नसेल तर ६ दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात.
पैशाबद्दल काकांचा प्रश्न बरोबर आहे. यूएन व्हॉलंटियर्समध्ये, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमात, फी नसते, उलट राहण्याखाण्याचा भत्ता मिळतो, पण अनुभव बघून निवड होते आणि नवरा-बायकोला एकाच गावी पाठवतील याची खात्री नाही. त्यांचं ऑनलाइन स्वयंसेवेचं कामही असतं, घरबसल्या. निघायच्या आधी दोन-तीन महिने ते करून बघा, परक्या लोकांबरोबर काम करताना किती हळू जावं लागतं ते कळतं. इथल्या स्वाहिलीत पहिला शब्द शिकावा लागतो तो पोलेपोले, सावकाश. आणि मोठ्या माणसाला शिकामू म्हणायचं, ते माराहाबा म्हणतात. तुमच्या वयाला इथे फार मान आहे, रस्त्यावरची शाळकरी मुलंसुद्धा शिकामू म्हणतील. गाडीला गारी, दुकानाला दुका, विम्याला बीमा, भाषेची भीती बाळगू नका.

कोयनाकाठ:
माफ करा पण मला वेगळं वाटतं. तीन-चार लाख खर्चून परदेशात कशाला? मेळघाटात, गडचिरोलीत माणसं कमी पडतायत. बाबा आमट्यांनी १९६७ पासून चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली, मी कॉलेजात असताना गेलो होतो, त्या आठ दिवसांनी मला जे दिलं ते अजून पुरतंय. शिवाय भाषा आपली, म्हणजे निदान अर्धी तरी, व्हिसा नको. शिक्षिकेने ज्या गावची भाषा येत नाही तिथे जाऊन काय शिकवायचं?

कृष्णामाई_सांगली:
दादा, तुमचं म्हणणं मला पटतं आणि आम्ही परत आल्यापासून दर उन्हाळ्यात दीड महिना मेळघाटात धारणीजवळ जातो. पण खरं सांगू का, कोरकू बोलणाऱ्या घरात गप्प बसून ऐकायचं असतं हे मी त्या गावात शिकले. आधी गेले असते तर मराठीच बोला म्हणाले असते. मिंगच्या घरी मला काही येत नव्हतं, पाणी मागायचं तरी खुणा, त्याने माणूस नरम होतो. त्यामुळे हे की ते असं मला वाटत नाही. क्रम कुठलाही असो.

पंचगंगा_काठ:
तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. काल रात्री ह्यांना सगळं मोठ्याने वाचून दाखवलं, भाताच्या गोळ्यापाशी माझा आवाज गेला तर पुढचं ह्यांनी वाचलं. सासूबाईंचं दुसरं वर्ष आहे हे.
एजन्सीला आज सकाळी नाही कळवलं. त्यांना विचारलं होतं की मुलांचे आईवडील आहेत का, तर उत्तर आलं की तुम्ही फक्त मुलांच्या हसण्याकडे बघा. तेव्हाच ठरलं.
कोयनाकाठ दादा, तुमचंही लागलं मनाला. या मे महिन्यात धारणीला जाऊन बघतो, कृष्णामाई ताई नेणार असतील तर त्यांच्याबरोबर. आणि पुढच्या वर्षी जुलैपासून कंबोडिया, म्हणजे प्चुम बेनला तिथे असू. हे बचत गटांच्या कर्जाची वही कशी लिहायची याच्या सोप्या तक्त्यांचं काम आजच घेऊन बसलेत, एकही शब्द न लिहिता फक्त चित्रं आणि आकडे, कारण भाषा येणार नाही.
ताई, एक विचारायचं राहिलं. मिंगकडे खोली रिकामी असते का? आणि मुगाची डाळ नेऊ की तिथलाच मूग भरडायचा?

कृष्णामाई_सांगली:
खोली आहे, आत्ताच मेसेज केला. डाळ नका नेऊ, हिंग दोन डब्या जास्त न्या, एक त्यांना द्यायला. आणि मेमध्ये धारणीला आमच्या गाडीत दोन जागा आहेत, पहाटे चारला निघतो.